शिल्लक आहे, उचल नाही

माती परीक्षणाचा अहवाल म्हणजे एक साधा कागद. वर शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, गाव केळवे, तालुका पालघर. खाली बारा ओळी. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. मग नत्र, स्फुरद, पालाश ही मातबर त्रयी. आणि मागाहून गंधक, जस्त, लोह, मंगल, तांबे, बोरॉन अशी फुटकळ वाटणारी मंडळी. बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला तक्ता दिसला की त्याची नजर आधी शेवटच्या रकान्यात जाते. माझ्या हातात असे दोन कागद होते. एक आमच्या समुद्राकाठच्या वाडीचा, दुसरा केळवे रोड स्टेशनच्या पलीकडे, डोंगराकडच्या अंगाला असलेल्या भातखाचराचा.

वाडीच्या कागदावर स्फुरदापुढे आकडा होता हेक्टरी ६८ किलो, शेरा 'अत्यंत जास्त'. खाचराच्या कागदावर त्याच ओळीत ९ किलो, शेरा 'कमी'. मालक एक, खत आणणारा हात एक, दुकानही एकच. गेली चाळीसेक वर्षे दोन्हीकडे त्याच गोणीतले खत पडत आले. मग एकीकडे हा सुकाळ आणि दुसरीकडे दुष्काळ का?

धाकट्या भावाने कागद उलटसुलट करून पाहिला. वाडी तोच सांभाळतो. मी निवृत्तीनंतर परत आलेला, म्हणजे त्याच्या दृष्टीने अर्धा पाहुणाच. गेली दोन वर्षे आमच्या केळींची नवी पाने अरुंद निघत होती, त्यांवर पिवळसर पट्टे उमटत होते. केळ उपाशी आहे असे समजून त्याने प्रत्येक हप्त्याला मूठभर डीएपी वाढवला होता.

"दादा, स्फुरद एवढं आहे म्हणतायत, मग झाड पिवळं का?"

उत्तर त्याच कागदावर खाली होते. जस्त ०.४, म्हणजे दर दशलक्ष भागांत अर्धा भागही नाही, निदान ०.६ तरी हवे. लोह ३.८, ते ४.५ च्या वर हवे. सामू ७.९. झाड उपाशी होते, पण आम्ही जे वाढत होतो त्या पदार्थाला नव्हे. उलट, स्फुरद फार झाले की मुळाकडून पानाकडे जाणाऱ्या जस्ताची वाट अडते. आम्ही दोन वर्षे रोग्याला औषध म्हणून रोगच पाजत होतो.

केळव्याची वाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही माती सांगायला नको. सुरूचे बन ओलांडून शितलादेवीच्या देवळाकडून आत वळले की माड, पोफळी, पानवेली आणि केळी यांच्या गर्द सावलीत पायाखाली जी भुसभुशीत जमीन लागते, तिच्यात चिमूटभर समुद्र असतोच. खुरप्याने वीतभर उकरले तर शिंपल्यांचा चुरा हाताला लागतो. शिंपला म्हणजे चुना. चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोह विरघळेनासे होतात. ती असतात, पण मुळाला उचलता येत नाहीत. स्फुरदही तिथे हळूहळू चुन्याशी गाठ बांधून बसते. आमच्या वाडीत मात्र त्याचा भरणाच एवढा झाला होता की सगळ्यांना बांधूनही ते उरले होते.

खाचराची गोष्ट नेमकी उलटी. तिथली माती तांबूस, सामू ५.६. कृषी खात्याच्या हवामान विभागणीत आपल्या उत्तर कोकणाला 'अतिपावसाचा, जांभा नसलेला' प्रदेश म्हणतात आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाला 'अतिपावसाचा, जांभ्याचा'. पण विभागणीची रेघ कागदावर असते. पावसाने युगानुयुगे धुतलेल्या आमच्या उतारांवरही लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगे आहेतच, आणि आम्लधर्मी मातीत ती स्फुरदाला अशी कवटाळतात की सोडत नाहीत. टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाच्या वाट्याला साधारण पंधरा ते पंचवीस टक्के येते. बाकीचे मातीत जाऊन बसते. नत्रासारखे ते वाहून जात नाही, हवेत उडत नाही आणि फारसे हलतही नाही. पडले त्या जागेपासून मुळापर्यंतचे काही मिलिमीटरचे अंतर तोडणेही त्याला जड जाते. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर खात्यात शिल्लक आहे, पण उचल नाही.

भातापुरती यातून एक सुटका निसर्गानेच करून ठेवली आहे. आवणीच्या वेळी खाचरात पाणी तुंबते, मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचे रूप पालटते आणि त्याच्या मिठीतले स्फुरद सुटे होते. म्हणून श्रावण-भाद्रपदात भात हिरवेगार दिसते. कापणी झाली, जमीन वाळली, की लोह पुन्हा मूळ रूपात येते आणि मिठी पुन्हा घट्ट होते. नेमक्या त्याच वेळी आपण त्या ओलीवर वाल पेरतो. भात तरारलेले आणि मागचा वाल खुरटलेला, हे दृश्य या पट्ट्यात कित्येकांनी पाहिले असेल आणि दोष बियाण्याला दिला असेल. आणखी एक गंमत अशी की परीक्षणासाठी नेलेली माती सावलीत वाळवूनच तपासतात. त्यामुळे कागदावर उतरतो तो खाचराचा चैत्रातला चेहरा, श्रावणातला नव्हे. तो ९ किलोचा आकडा भाताविषयी थोडेच सांगतो. वालाविषयी मात्र खरे सांगतो.

हे सारे मला पासष्टाव्या वर्षी कळले, याची खंत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

मी बँकेत कृषी अधिकारी होतो. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. पीककर्जाचे दर ठरवायला जिल्हास्तरीय तांत्रिक समिती असे, अजूनही असते. भाताला एकरी इतके, केळीला इतके. त्यात 'अ' भाग रोखीचा, 'ब' भाग वस्तूंचा. 'ब' भाग म्हणजे खते. ती रक्कम शेतकऱ्याच्या हातात पडत नसे. खत विक्रेत्याच्या नावाने पे-ऑर्डर निघे आणि शेतकरी गोण्या उचलून नेई. योजनेमागचा हेतू वाईट नव्हता. कर्जाचा पैसा लग्नाकार्यात जाऊ नये आणि शेतात नवे तंत्र यावे, असा तो विचार होता. पण त्या तक्त्यात माती कुठेच नव्हती. चुनखडीच्या वाडीलाही तीच गोणी आणि तांबड्या खाचरालाही तीच. मी रकाने भरत होतो आणि उद्दिष्टे पुरी करत होतो.

मनोरकडचा एक खातेदार आठवतो. दोन एकर भात, मागून वाल. त्याने एकदा माझ्या टेबलासमोर उभे राहून विचारले होते की, 'ब' भागाच्या पैशांत गोण्यांऐवजी शेणखताच्या गाड्या घेता येतील का? त्याचे बैल विकले गेले होते आणि उकिरडा संपला होता. मी नियम दाखवला. शेणखताची पावती कोण देणार? तो हसून म्हणाला, "साहेब, गोणी तुमची, व्याज माझं." तेव्हा मला ते उद्धट वाटले. लागोपाठ दोन वर्षे त्याचा वाल बसला, कर्ज थकले, आणि वसुलीची नोटीस निघाली ती माझ्या सहीने. वाल केवळ स्फुरदापायी गेला असे मी म्हणत नाही. पाऊसही लवकर गेला होता. पण त्याची मागणी शहाणपणाची होती आणि माझा नकार फक्त नियमाचा होता, एवढे आज नक्की सांगता येते.

त्याच काळात, २५ ऑगस्ट १९९२ रोजी, केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाशयुक्त खतांच्या किमतींवरचे नियंत्रण उठवले. डीएपी आणि पोटॅश एकदम महागले. युरिया नियंत्रणात राहिला, इतकेच नव्हे तर त्याचा भाव दहा टक्क्यांनी उतरवला गेला. शेतकऱ्याने काय करावे अशी अपेक्षा होती? १९९१-९२ मध्ये देशात नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचे प्रमाण ५.९ : २.४ : १ होते, एका वर्षात ते ९.५ : ३.२ : १ झाले. पुढे सरकारने पुन्हा सवलती दिल्या, १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदानाची पद्धत आली. गोणीत काय आहे यापेक्षा गोणी केवढ्याला आहे यावर आपली माती पोसली गेली.

आणि हे स्फुरद येते कुठून? युरिया आपण देशात पुष्कळ बनवतो, पण स्फुरदासाठी खनिज लागते. ते आपल्याकडे उदयपूरजवळच्या झामरकोट्रासारख्या थोड्या ठिकाणी सापडते. बाकी खडक, आम्ल किंवा तयार खत या ना त्या रूपात बाहेरून येते. मोरोक्को, जॉर्डन, सौदी अरेबिया, चीन. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या पट्ट्यात आहेत. मे २०२१ मध्ये जागतिक भाव भडकले तेव्हा डीएपीच्या एका गोणीची खरी किंमत २४०० रुपयांवर गेली. शेतकऱ्याला ती १२०० रुपयांतच मिळावी म्हणून केंद्राने गोणीमागचे अनुदान ५०० वरून १२०० रुपये केले. म्हणजे आमच्या केळीच्या बुंध्याशी भावाने जी वाढीव मूठ टाकली, ती आफ्रिका-अरबस्तानातून जहाजाने आलेली आणि निम्मी सरकारी तिजोरीतून भरलेली होती. तीही नको तिथे.

आमच्या वडिलांच्या वेळी डीएपीचे नावही वाडीत नव्हते. एरंडीची पेंड होती, गोठ्यातले शेण होते, आणि दांड्याकडून येणारे मासळीचे खत होते. जाळ्यात आलेली खाण्याजोगी नसलेली मासळी सुकवून, कुटून माडाच्या आळ्यात पुरत. आठवडाभर वाडीत नाक धरून चालावे लागे. मासळीच्या काट्यात स्फुरद असते, समुद्रातली इतर अनेक द्रव्येही थोडीथोडी असतात, हे वडिलांना ठाऊक नव्हते. माड धरतो, एवढे ठाऊक होते. सूक्ष्म अन्नद्रव्ये त्यांच्या वाडीत न बोलावता येत आणि न सांगता मुरत. खाचरात राब भाजत. वाळलेला पालापाचोळा, गोवऱ्या, फांद्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पेटवायच्या आणि त्या राखेत भात फेकायचे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह या राबाचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ मध्ये प्रसिद्ध केला होता. शंभर वर्षांपूर्वी ज्या पद्धतीकडे एक रसायनशास्त्रज्ञ एवढ्या गांभीर्याने पाहत होता, तिला आम्ही बँकवाले 'पारंपरिक, सुधारणा आवश्यक' या एका शेऱ्यात निकालात काढत होतो. राबापायी झाडे तुटतात हेही खरे, म्हणून मी त्याची आरती ओवाळणार नाही.

गोठे मात्र गेले. मुलगे तारापूरच्या एमआयडीसीत पाळीला जाऊ लागले, २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, आणि गुरांमागे उभे राहायला घरात कोणी उरले नाही. त्याचा दोष कोणाला देणार? पगार महिन्याच्या महिन्याला येतो. पण शेणखत थांबले आणि आमच्या वाडीचा सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्क्यांवर आला. सगळ्या कागदातली मला सर्वांत जास्त खटकलेली ओळ हीच. कारण बांधलेले स्फुरद आणि जस्त सोडवण्याचे काम मातीत जे जिवाणू करतात, मुळांतून पाझरणारी आम्ले करतात, त्यांचे जेवण म्हणजे हा कर्ब. दुकानात स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची पाकिटे मिळतात. ती खोटी नाहीत. पण उपाशी घरात पाहुणे पाठवून ते घर चालवतील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

जस्ताचे महत्त्व आपल्या देशाला कळले तेही एका मराठी माणसामुळे. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत भाताची पाने तांबूस ठिपक्यांनी करपत. लोक त्याला खैरा म्हणत आणि शास्त्रज्ञ रोगजंतू शोधत. पंतनगरच्या विद्यापीठातले डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे स्वतः वनस्पतिरोगतज्ज्ञ. त्यांनी १९६६ च्या सुमारास दाखवून दिले की इथे जंतू नाही, जस्ताची उणीव आहे. रोगतज्ज्ञानेच 'हा रोग नव्हे' म्हणावे, याला मनाचा मोठेपणा लागतो. याच नेन्यांनी पुढे सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' हा जुना ग्रंथ प्रकाशात आणला. त्यातले कुणपजल, म्हणजे मांस-मासळी कुजवून केलेले द्रव खत, वाचताना मला वडिलांच्या माडाच्या आळ्याचा वास आला.

खाचरासाठी आम्हांला रस्ता सापडला तो डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत. परदेशी संशोधन संस्थेत काम करून आलेला हा शास्त्रज्ञ. कोकणातल्या भातासाठी त्यांनी मांडलेली सूत्रे अगदी साधी. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढा खाचरात परत घाला. गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडा. रोपे पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या आलटूनपालटून अंतराने दोरीत लावा. आणि चार चुडांच्या मधल्या चौकोनात युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचा. गोळी २.७ ग्रॅमची, हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत. विस्कटून फेकलेले स्फुरद सगळ्या मातीच्या हाती लागते. गोळीतले एका जागी राहते आणि मुळेच त्याच्याकडे येतात. मातीशी भांडण न करता तिला चुकवण्याची ही युक्ती आहे. अडचण एकच, ती म्हणजे कंबर. गुंठ्याला सव्वासहाशे वेळा वाकायचे. आवणीला येणाऱ्या बायकांनी पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितले, "हे काम वेगळं, मजुरी वेगळी." त्यांचे म्हणणे रास्त होते. आम्ही चार खाचरांपैकी एकातच ते केले. त्या खाचरातले भात डोळ्यांत भरण्याजोगे झाले, हिशेबात जेमतेम. मागच्या वालाला मात्र तासात बियाण्याच्या शेजारी थोडे सुपर फॉस्फेट दिले आणि बऱ्याच वर्षांनी वालाच्या शेंगा घरी पुरून विकता आल्या.

वाडीत डीएपी बंद करायचे ठरले तेव्हा घरात जी बोलाचाली झाली ती मी इथे सगळी लिहीत नाही. भावाचे म्हणणे थोडक्यात असे होते की कागद तुझा, केळी माझ्या. तोही चुकीचा नव्हता. नुकसान झाले असते तर त्याचे झाले असते, मला पेन्शन आहे. मी त्याला रोथॅमस्टेडची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या या गावी जॉन लॉज याने हाडांवर गंधकाम्लाची क्रिया करून सुपर फॉस्फेट बनवले आणि १८४२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तिथल्या एका शेताला १८५६ ते १९०१ या काळात खत दिले, मग थांबवले. त्या जुन्या स्फुरदाचा लाभ पुढच्या कित्येक दशकांतल्या पिकांना मिळत राहिला. मुरलेले स्फुरद बुडीत खात्यात गेलेले नसते. ते हप्त्याहप्त्याने परत येते, फक्त दरवर्षी थोडे. "तिकडं शंभर वर्षं थांबत असतील," भाऊ म्हणाला, "मला पुढच्या गणपतीला घड काढायचाय."

शेवटी अर्ध्या वाडीवर तडजोड झाली. त्या अर्ध्यात डीएपी नाही. झिंक सल्फेट शेणखतात कालवून, काही दिवस मुरवून दिले. ते डीएपी किंवा सुपर फॉस्फेटबरोबर मिसळले तर दोघे एकमेकांना धरून बसतात आणि दोन्ही वाया जातात. लोहासाठी फेरस सल्फेटची पानांवर फवारणी केली, कारण आमच्या शिंपल्याच्या मातीत घातलेले लोह दुसऱ्या दिवशी गंजून निकामी होते. शेणखत तबेल्यातून विकत आणले. त्याची ट्रॉली डीएपीच्या गोणीपेक्षा महाग पडली, हेही नोंदवले पाहिजे. पोफळीच्या झावळ्या आणि केळीचे खुंट जाळणे थांबवून ते आळ्यातच कुजवले. दोन वर्षांनी त्या भागाचा कागद आला : स्फुरद ५७, अजूनही 'अत्यंत जास्त', जस्त ०.७; कर्ब ०.५१, लोह जवळपास तिथेच. नवी पाने रुंद निघाली. घडांच्या वजनात फरक होता, पण ते वर्षच केळीला बरे होते, त्यामुळे त्याचे श्रेय मी कागदाला देत नाही. खतावरचा खर्च मात्र निश्चित उतरला.

केंद्र सरकारची जमीन आरोग्य पत्रिका १९ फेब्रुवारी २०१५ पासून सुरू झाली. तिच्यामुळे बारा ओळींचा हा कागद घरोघर पोहोचला, हे मोठेच काम. पण नमुने बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरच्या चौकटीतून एक असे घ्यायचे ठरले होते. केळव्यात अडीच हेक्टर म्हणजे किती वाड्या झाल्या! कोणी चुन्यावर, कोणी गाळावर, कोणी पाच पिढ्यांच्या उकिरड्यावर. एकाच्या रक्ताच्या तपासणीवर साऱ्या आळीला गोळ्या द्याव्यात, तसे ते होते. म्हणून आपल्या वाडीचा नमुना आपणच काढावा आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा सरकारी प्रयोगशाळेत द्यावा. आमच्या बाजूला कोसबाडच्या टेकडीवर तसे केंद्र आहे. सात-आठ ठिकाणी इंग्रजी 'व्ही'सारखा वीतभर खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती खरवडून घ्यायची, एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करत अर्धा किलो ठेवायची. बांधाजवळची नको, उकिरड्याजवळची नको, नुकत्याच खत दिलेल्या जागेची नको.

यंदा एप्रिलमध्ये पुन्हा नमुने काढायला निघालो तेव्हा भाऊ आपणहून खुरपे घेऊन पुढे झाला. पहिला खड्डा त्याने सगळ्यांत तजेलदार केळीच्या बुंध्याशी घेतला. मी म्हटले, तिथे नको, मधल्या मोकळ्या जागेत घे. तो वर न पाहता खरवडत राहिला. पडवीत कोपऱ्यात डीएपीची एक न फोडलेली गोणी उभी होती, वर जुने पोते टाकलेले. मी ती पाहिली हे त्यानेही पाहिले.

"असू दे दादा," तो म्हणाला, "पलीकडच्या अर्ध्या वाडीसाठी आहे."